अंथरूण पाहून

तहसीन म्हणाली, मामा, पाय सरळ करा.
मी म्हणालो, सरळच आहेत की.
ती काही बोलली नाही. वाकली,
माझ्या गुडघ्याखाली तळहात सरकवला.
अख्खा आत गेला,
बांगडीसुद्धा अडली नाही.

चौतीस वर्षं मागावर.
डावा पाय पुढं, कंबर जरा तिरकी,
तुटलेली तार शोधायला मान खाली.
ताणाचं कुणालाही काही अडलं की मला हाक.
ढिलं सोडलं तर कापड झोळ धरतं,
फार ओढलं तर तार जाते,
मधे एक जागा असते,
ती बोटाला कळते, शिकवता येत नाही.
सुताचं एवढं कळायचं.
आपल्याच मांडीमागं एक दोरी आहे
हे बासष्टाव्या वर्षी कळलं,
तेही सरकारी दवाखान्यात, केसपेपर हातात धरून.

दुखायच्या जरा अलीकडं थांबायचं, तहसीन म्हणते,
तीस आकडे मोजायचे, झटका नाही द्यायचा.
हे मला पटलं.
झटक्यानं साठ तारा एकदम जातात.

मी तेलुगूत मोजतो. ओकटी, रेंडू, मूडू.
मराठीत मोजलं की नगांचा हिशेब वाटतो.
पंधराला पोटरी थरथरते.
बावीसला समोरच्या घरातला कुकर वाजतो.
तीसला काही होत नाही.
फक्त तीस होतात.

आता एक सांगतो, हसू नका.
चादरीची लांबी नव्वद इंच. माझी चौसष्ट.
सव्वीस इंच शिल्लक राहायला हवी होती माझ्याकडं.
विणलेल्या सगळ्या एकापुढं एक अंथरल्या
तर विजापूर रोडनं कुठपर्यंत जातील कोण जाणे.
आणि मी झोपलो साखर पेठेत, दहा बाय आठच्या खोलीत,
सहा जणांत, गुडघे पोटाशी,
कुणाची तरी टाच कायम पाठीत.
अंथरूण पाहून पाय पसर, बाप म्हणायचा.
अरे, अंथरूण तर मीच विणत होतो!
खोली पाहून म्हणायला हवं होतं त्यानं.

नवी चादर उघडली तरी
आठ-पंधरा दिवस मधोमध घडीची रेघ दिसते.
पाण्यातनं काढावी लागते.
माणसाचं पाण्यानं भागत नाही.

आता घरकुलात दोन खोल्या.
नरसुबाई मांडीवर सूप घेऊन बघत असते,
हात थांबत नाहीत तिचे, पान, तंबाखू, दोरा.
म्हणते, म्हातारपणी कुस्तीला निघालास काय?
मी म्हणालो, मान वळव बघू उजवीकडं.
तिनं मान नाही,
सगळं अंगच वळवलं,
कपाटाचं दार वळतं तसं.
मग आम्ही दोघंही गप्प झालो.

काल संध्याकाळी लाइट गेली.
गच्चीवर गेलो तर सिमेंट भाजत होतं,
दोन बादल्या पाणी मारलं,
वाफ गेल्यावर वर जुनी चादर अंथरली,
मोराची, शेपटीत एक तार चुकलेली,
म्हणून तर मालकानं मला दिली होती.
शेजारच्या गच्च्यांवर कुणी नाही बघून
नरसुबाईनं लुगडं सारखं केलं
आणि पाय पसरले.
एवढे लांब पाय हिचे! मला माहीतच नव्हतं.

वाकली. बोटं नडगीपर्यंत आली.
मी आकडे म्हणत होतो, ती ओठातल्या ओठात.
पंचवीसला सुटली. म्हणाली, झाला कट्टा.
अजून पाच.
वरची पाच छाटीत जातात, तुला माहीताय.
ही जात नाहीत, मी म्हणालो, ही आपलीच.
तिनं माझ्याकडं बघितलं,
पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी भांडणातलं बघितलं,
आणि परत वाकली.

सव्वीस.
सत्तावीस.
खाली कुणाच्या तरी घरात लाइट आली,
पोरं ओरडली.
आम्ही मोजत राहिलो.